जन्मातला ज

रेडिओ केंद्रावरून माणूस येऊन गेला त्या दिवसापासून घरात दोन तट पडले, आणि गंमत म्हणजे ज्यांच्यावरून ते पडले त्या बाबांना त्याचा पत्ताच नव्हता. ते आतल्या खोलीत कोमट पाण्याच्या गुळण्या करत होते. निवृत्तीनंतर ज्यांना दाढीचीसुद्धा आठवण करून द्यावी लागे, ते बाबा आता सगळ्यांच्या आधी उठून आरशासमोर जिभेचे व्यायाम करत. नव्या कवळीशी त्यांची रोज झटापट चाले. कवळी जिंकली की ते चिडत, ते जिंकले की घरभर ऐकू जाईल असं खाकरत. रेडिओ केंद्र नव्या इमारतीत जाणार होतं आणि जुन्या स्टुडिओतून शेवटचं बोलणं 'शेजाऱ्यां'नी करावं अशी तिथल्या लोकांची इच्छा होती.

शेजारी म्हणजे बाबाच. ज्या काळात एका गल्लीत एखादाच सेट असायचा आणि त्याच्या खिडकीखाली सगळी गल्ली उभी राहायची, त्या काळी बाकीचे निवेदक सभेत बोलावं तसे गरजत. बाबा मात्र कुंपणावर कोपर टेकून पलीकडच्या घराशी बोलावं तसं बोलत. मंडळी, जरा ऐकता का, असं म्हणून ते क्षणभर थांबत. कोणी खरंच हो म्हणेल याची वाट पाहिल्यासारखे. आणि लोक म्हणतही. दुकानातलं गिऱ्हाईक 'हो' म्हणायचं, दवाखान्यात ताटकळलेली बाई 'बोला' म्हणायची. त्या थांबण्यावरून केंद्रातले तंत्रज्ञ सुरुवातीला फार कटकट करत, कारण रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं असा त्यांचा समज. पुढे त्यांनीही नाद सोडला.

स्वयंपाकघरात त्या दुपारी ताईने विषय काढला. ती इस्पितळात परिचारिका, लपवाछपवीचे परिणाम रोज डोळ्यांनी बघणारी, त्यामुळे घरातल्या कुठल्याही गोष्टीवरचं झाकण काढून टाकायची तिला घाई असे. तिचं म्हणणं सरळ होतं, बाबांना आजच्या आज सांगून टाका. आईला ऐकू येत नाही हे त्यांना सोडून सगळ्या जगाला माहीत आहे, भाजीवाल्यालासुद्धा माहीत आहे.

तिचा धाकटा भाऊ खांदे पाडून बसला होता. तो म्हणाला, सांगितलं तर बाबा बोलायला जाणार नाहीत. निरोपाच्या दिवशी ते रेडिओवर काय म्हणाले ते आठव.

ते ताईलाच काय, सगळ्या गावाला आठवत होतं. माझ्या घरी माझी एक श्रोती आहे, बाबा त्या दिवशी म्हणाले होते, मी आयुष्यभर तिच्याशी बोललो, तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंत एवढंच. ज्या दिवशी ती ऐकायची थांबेल त्या दिवशी मी बोलायचा थांबेन. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईच्याही आलं होतं, पण वेगळ्या कारणाने.

आई मटार सोलत होती आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. समोरासमोर तिचं काही अडत नसे. ओठांवरून ती सगळं उचलायची, बाबांचं तर अर्धं बोलणं ते तोंड उघडायच्या आत. ताईने आणून दिलेलं कानातलं यंत्र तिने सुईदोऱ्याच्या डब्यात टाकून दिलं होतं, कारण ते शिट्या मारायचं. ह्यांनी कधी मिशी ठेवली नाही हे माझं नशीब, असं ती सुनेला म्हणायची.

पण आता पंचाईत वेगळी होती. पंचाईत दाराची होती.

लग्न झालं तेव्हा दोघांचं बिऱ्हाड एका खोलीचं आणि एका स्वयंपाकघराचं. बाबांना रेडिओत नुकतंच घेतलं होतं, तेही तात्पुरतं. पहिल्या बोलण्याची तालीम तिच्यासमोर करायला गेले तर लाजेने शब्द फुटेना. मग तीच म्हणाली, ऐकणाऱ्यांना कुठे तुमचं तोंड दिसणार आहे, आत जा आणि दार लावून बोला. ती दाराशी बसून पातेलं खरवडत होती. आतून आवाज आला, मंडळी, जरा ऐकता का. बाबा वाढले पंडित आजोबांच्या हाताखाली, पोथ्या वाचत. त्यांनी 'जरा'तला ज उच्चारला तो 'जन्मा'तला. 'जागे'तला ज हवा होता. जागेतल्या ज ने जरा म्हणजे थोडं, आणि जन्मातल्या ज ने जरा म्हणजे म्हातारपण. नवी नवरी चमचा पातेल्यावर आपटून पोट धरून हसली. अहो, ती दारातून ओरडली, तुम्ही म्हातारपणाला हाक मारताय.

तेव्हापासून चमचा कायम झाला. घाई झाली की एक ठोका, शब्द गिळला की दोन, आणि ज चुकला तर पातेलं फुटेल असा. बाबा प्रत्येक बोलण्याची तालीम दार लावून करत आणि दाराआडच्या चमच्याने पास केल्याशिवाय केंद्राची पायरी चढत नसत. बाहेर मोठमोठे लोक त्यांची पाठ थोपटायचे. त्याची किंमत त्यांच्या लेखी शून्य होती.

आणि उद्यापासून तालीम सुरू होणार होती.

"मी बसते आईंच्या शेजारी," सूनबाई म्हणाली. धाकट्याची ही बायको एका कचेरीत टंकलेखिका होती, बाबांचं भाषण तिनेच टाइप केलं होतं. "एक प्रत माझ्या हातात असेलच. मी त्यांच्या गुडघ्याला बोट लावीन, त्या चमचा वाजवतील."

ताई म्हणाली, म्हणजे आता फसवणुकीला मदतनीस पण. आईने तिच्या ओठांवरून ते नेमकं वाचलं.

"फसवणूक म्हण नाहीतर काही म्हण," आई म्हणाली. "त्यांना एकदा तिथे जाऊ दे. गेली काही वर्षं खिडकीत बसून रस्ता बघतायत, मला बघवत नाही. बोलून आले की मी स्वतः सांगेन. मग रागावू देत हवं तेवढं."

ताई उठली आणि उगाचच ओटा पुसू लागली. अशा रीतीने एक तट तात्पुरता दुसऱ्यात सामील झाला, तोंड मात्र वाकडंच ठेवून.

पहिले दोन दिवस बरे गेले. धाकट्याने आदल्या वर्षीच हौसेने आतल्या खोलीला नवं दार बसवलं होतं, जाड, घट्ट, चौकटीत असं बसणारं की वारासुद्धा विचारून आत जाईल. त्या दाराशी दोन स्टुलांवर सासू-सुना बसत. आतून बाबांचा तालमीचा मोकळा आवाज तेवढा येई. सुनेने तो लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकला होता, आणि पुढे या आवाजाच्याच घरात ती नांदायला आली होती. इतक्या वर्षांनीही त्या आवाजाने तिला भरून येई. मग कागदावरची ओळ सुटे, आणि घाईघाईने ती गुडघ्याला बोट लावी. आई चमचा वाजवी. आत बाबा थांबत, घसा साफ करत, तीच ओळ सावकाश घेत. सुनेला वाटलं, आपण दोघी मिळून एक बरी श्रोती होतो आहोत.

दाराच्या आत बाबांना वेगळंच वाटत होतं. चमचा आहे, पण चमच्यात राग नाही. त्यांच्या बायकोचा चमचा वाक्य संपायची वाट बघत नसे. शब्द घसरताक्षणी तो कडाडायचा, मध्येच तोडायचा, कधीकधी एवढा अपमान करायचा की त्यांनी तरुणपणी एकदा कागद भिरकावून दिले होते. हा चमचा अदबीने, थोडा उशिरा, टेबलावर बशी ठेवावी तसा वाजत होता. वय झालं तिचं, त्यांनी स्वतःला समजावलं. हात थकला असेल.

तिसऱ्या दिवशी कवळीने घात केला. मंडळी, जरा ऐकता का, असं म्हणताना जीभ दातांमागे टेकायच्या ऐवजी मागे सरकली आणि चक्क जन्मातला ज बाहेर पडला. बाबा स्वतःच दचकले. कान देऊन पातेल्याच्या आवाजाची वाट पाहू लागले. काहीच नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी मुद्दाम, जन्मातला ज चांगला घोळवून. तरी शांतता. दाराबाहेर सूनबाई कागदावर बोट ठेवून समाधानाने बसली होती. कागदावर 'जरा' होतं आणि बाबा 'जरा'च म्हणाले होते. टाइपरायटरवर दोन्ही ज ची कळ एकच असते, त्याला ती बिचारी काय करणार.

बाबा खुर्चीत बसले. घरातल्या कुठल्याही चुकीला क्षमा होती, या एका चुकीला नव्हती. ती आपली पहिली चूक होती, दोघांची मिळून होती. ती तिने सोडून दिली याचा अर्थ एकच होता. दाराशी ती नव्हती, आणि असली तरी ऐकत नव्हती.

त्यांनी बाहेर येऊन चहा मागितला. अर्धा प्यायले, कप खाली ठेवला आणि मी जाणार नाही, केंद्राला कळवून टाका, असं धाकट्याला सांगितलं. कारण विचारल्यावर कवळीकडे बोट दाखवलं. मग आत गेले आणि दार लावून घेतलं. ते नवं दार, लागल्याचा आवाजही न करता लागलं.

मग बाहेर जे व्हायचं ते झालं. ताई म्हणाली, मी सांगत होते. धाकटा म्हणाला, तू सांगत होतीस हे आम्हाला माहीत आहे, आता काय करायचं ते सांग. सूनबाई कागद छातीशी धरून रडायच्या बेतात आली आणि माझं कुठे चुकलं ते तरी कळू दे म्हणाली. ताईने तिला जवळ घेतलं. भांडायला आलेली ताई भांडण सोडून भावजयीची पाठ चोळू लागली, म्हणाली, तुझं काही चुकलं नाही गं, आमच्या घरात चुकासुद्धा खानदानी आहेत, तुला कशा कळणार. आईने या कुणाकडेच बघितलं नाही. चमचा हातात तसाच ठेवून ती आत गेली.

बाबा खिडकीशी होते. ती समोर जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांचं तोंड उजेडात येईल अशी.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तुमच्या निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून."

हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "म्हणजे निरोपाच्या दिवशी मी जे बोललो..."

"ते मी ऐकलं नाही. शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं. ऐकायची थांबेल त्या दिवशी मी थांबेन म्हणालात. मग मी कशी सांगणार तुम्हाला?"

चमचा तर शेवटपर्यंत बरोबर वाजत होता, ते म्हणाले, अगदी माझ्या शेवटच्या तालमीपर्यंत. तेव्हा कोण होतं दाराशी?

"मीच की. जुन्या दाराला फट होती," आई म्हणाली. "बिजागरीच्या खाली, एवढी. तिथून तुमचं तोंड दिसायचं. तुमच्या लाडक्या लेकाने नवं दार बसवलं आणि माझे कान गेले."

बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी विचारलं, आणि केंद्रावरून घरी आलो की कुठे अडखळलो ते सांगायचीस, ते कसं?

"तालमीत जिथे अडखळायचात तिथेच केंद्रावरही अडखळायचात. त्यात काय मोठंसं?"

"म्हणजे मी तिथे बोलत असताना इथे कोणी ऐकतच नव्हतं."

"सेटसमोर बसायचे मी. दिवा लागलेला दिसायचा. आता तुम्ही जरा ऐकता का म्हणाला असाल, असं मनात धरून हो म्हणायचे. रोज." तिचा आवाज थोडा वर गेला होता, तिला स्वतःला तो कळत नसे. "ऐकू येत नव्हतं एवढंच. ऐकायची थांबले नव्हते मी."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी ते एक शब्द म्हणाले.

"म्हातारपण," आई लगेच म्हणाली.

त्यांनी पुन्हा ओठ हलवले.

"थोडं. जन्मातल्या ज ला तुमचे ओठ पुढे येतात. जागेतल्या ज ला दात दिसतात. आता तर नवेकोरे आहेत, लांबून दिसतात."

बाबा हसले. दाराबाहेर तिघं कान लावून उभी होती, पण आत इतकं हळू चाललं होतं की धाकट्याच्या सुतारकामापुढे त्यांचा इलाज चालेना. मग बाबांनीच दार उघडलं, तेव्हा ती एकमेकांवर धडपडली.

"स्टुडिओत एक काच असते," बाबा त्या तिघांना म्हणाले, पण तोंड आईकडे करून. "मी एका बाजूला, तंत्रज्ञ दुसऱ्या. भिंतभर. एवढी मोठी फट हिने जन्मात पाहिली नसेल."

आई इतक्या वर्षांत केंद्रात कधी गेलीच नव्हती. कशी जाणार? ते बोलत तेव्हा तिला घरी ऐकायला बसावं लागे. प्रसारणाच्या दिवशी ती पहिल्यांदा त्या जिन्याने चढली. ताईने तिचा दंड धरला होता आणि सूनबाईने तिची पर्स. धाकटा मागे राहून प्रत्येक दाराची जाडी बघत होता. नवी इमारत तयार होती, त्यामुळे अर्धं सामान हललेलं, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरलेले. तरुण तंत्रज्ञाने आईला स्वतःची खुर्ची दिली आणि आजी, इथे आवाज या कर्ण्यातून येईल, असं तिला समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. काचेपलीकडे जाड पडदे, एक टेबल, त्यावर मायक्रोफोन, आणि मायक्रोफोनमागे तिचा नवरा. कोट घातलेला, केस चापून बसवलेला, घाबरलेला.

तो घाबरलेला तिला नवा नव्हता. पण असं काही असेल हे तिला माहीत नव्हतं. एवढीशी खोली, आणि त्यात इतकी वर्षं हा माणूस एकटाच बसून एका रिकाम्या टेबलाला विचारत होता, ऐकता का. एकदा तरी यायला हवं होतं, तिला वाटलं.

लाल दिवा लागला. बाबांनी कागदाकडे पाहिलं नाही, मायक्रोफोनकडेही नाही. त्यांनी काचेकडे पाहिलं.

"मंडळी," ते म्हणाले, आणि त्यांचे ओठ पुढे आले, "जरा ऐकता का?"

तंत्रज्ञाची भुवई अजून हलायची होती. ताईने कर्ण्याकडे पाहिलं, आता तीही खुदकन हसणार होती. त्याच्या आधी आईने पर्समधून चमचा काढला आणि काचेवर असा हाणला की तंत्रज्ञ खुर्चीतून उठला. पलीकडे त्याचा आवाज गेला नाही. काच त्यासाठीच असते. पण चमचा दिसला.

बाबांचे खांदे हलले. सगळ्या गावाने, दुकानांत, दवाखान्यांत, खिडक्यांत, शेजाऱ्यांना रेडिओवर पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

"माफ करा," ते म्हणाले. "आमच्या घरून चमचा वाजला."

या चमच्याबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांनी जीभ दातांमागे नीट टेकवली. दात दिसले.

"मंडळी, जरा ऐकता का?"

आणि ते थांबले, नेहमीसारखे. तंत्रज्ञाने घाबरून यंत्रावरच्या काट्यांकडे पाहिलं, धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काचेअलीकडे आईचे ओठ हलले. बाबांना काही ऐकू आलं नाही, ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि बोलायला सुरुवात केली.